दाजी, तुमचं एक जादा वर्ष

दाजी, मंगळवारी दुपारी लातूरची गाडी येडशीतून सुटली. तुम्ही रूळ बदलायचा पॉइंट परत लावला, त्याला कुलूप घातलं, किल्ली स्टेशन मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेरच्या बाकावर बसलात. चार वाजता हमालानं चहा आणला तेव्हा तुम्ही उठला नाहीत.

मला निरोप एस.टी.च्या ड्रायव्हरकडून आला. त्यानं शाळेच्या शिपायाला सांगितलं, शिपायानं मला. मी सहावीच्या वह्या तपासत होतो. हातातली वही तपासून पुरी केली, मार्क दिले, खाली सही केली आणि मग उठलो. तसं का केलं ते मला अजून कळलेलं नाही.

आज अठरावा दिवस. एवढ्या दिवसांत मी एका जागी अर्धा तास बसलेलो नाही. वाचनालयात जातो, पुस्तक काढतो, उभ्या उभ्या दोन पानं वाचतो आणि परत ठेवतो. हे लिहायला घेतलं तेही असंच चाललं आहे. चार ओळी लिहितो, उठतो, धाराशिवच्या स्टँडपर्यंत चालत जातो. येडशीची बस लागलेली असते. कंडक्टर ओळखीनं मान हलवतो. मी चढत नाही, परत येतो.

तुम्ही असता तर म्हणाला असता, “मास्तर, शंटिंग किती करताव? एकदा गाडी सोडा की.”

तुमच्या तोंडी सगळ्या उपमा रेल्वेच्याच असायच्या. अक्काचं आणि तुमचं लग्न पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात झालं. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे मुक्कामाला आलात, तेव्हा मी ओसरीवर वाचत बसलो होतो. तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक उचललंत, लांब धरलंत, डोळे बारीक केलेत आणि म्हणालात, “मेव्हणं, एवढ्या बारीक अक्षरानं डोळं जातील. मग रेल्वे घ्यायची न्हाय तुमास्नी.”

“मला रेल्वेत जायचंच नाही,” मी म्हणालो.

“मग कशाला जपता?” तुम्ही म्हणालात आणि पुस्तक परत दिलंत.

तेव्हा तुम्ही त्या लहान रुळाच्या गाडीवर खलाशी होता. बेंबळीच्या शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा घरचा नांगर सोडून येडशीला जातो आणि रुळांना तेल घालतो, याचं तुमच्या भावकीला नवल वाटायचं. तुम्हाला मात्र उरलेल्या जगाचं नवल वाटायचं, की ही सगळी माणसं रेल्वेत का नाहीत? माणूस पाहिला की तुम्ही त्याला रेल्वेतली जागा देऊन मोकळे. आमच्या गल्लीतला बांगडीवाला बुकिंगात चालेल, कारण त्याची बोटं पातळ. गुळाचा अडत्या गार्ड व्हायला हवा होता, आवाज खणखणीत. अक्काच्या नवसाला आपण तुळजापूरला गेलो होतो, तेव्हा गाभाऱ्यातून बाहेर पडता पडता तुम्ही माझ्या कानात म्हणालात, “ह्यो पुजारी तिकीट तपासायला पायजे व्हता. एक मानूस सुटंना त्याच्या हातनं.” अक्कानं तुमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तुम्ही पायऱ्या उतरेपर्यंत गप्प राहिलात. खाली आल्यावर मी विचारलं, “आणि मी कुठं चालेन?”

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. “तुमी? तुमी येळापत्रक. भिंतीला टांगून ठिवायचं. कुनी इचारलं तरच बोलायचं.”

मला राग आला होता. आता वाटतं, माझं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मग ती गाडी चालवणारी खाजगी कंपनी गेली आणि गाडी सरकारची झाली. तुमच्या दृष्टीनं आपल्या जिल्ह्यात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट ती. राज्य बदललं, नाणी बदलली, कचेरीतली भाषा बदलली, त्याचं तुम्हाला काही विशेष नव्हतं. पण आता येडशीचा खलाशी आणि दिल्लीचा खलाशी एकाच खात्यातला, यानं तुम्ही दोन महिने जमिनीवर नव्हता. स्टेशनात भरतीचे इंग्रजी कागद लागायला लागले. नवा कागद लागला की त्याची एक प्रत तुम्ही स्टेशन मास्तरांकडून मागून घ्यायचात आणि मला घेऊन जायचात. आठवड्याच्या बाजारादिवशी मालधक्क्याशेजारच्या लिंबाखाली आसपासच्या गावची दहापंधरा माणसं बसलेली असायची. मी कागद वाचायचो आणि मराठीत सांगायचो. तुम्ही शेजारी उभे.

“हळू वाचा, मास्तर. आन् खालचं बारीक बी वाचा. खरी मेख तितंच आसती.”

मी वाचायचो. शिक्षण, उंची, छाती, दृष्टी, वय. कुणीतरी विचारायचं, “खलाश्याला कोन पोरगी देनार हो?” तुम्ही त्याचीच वाट पाहत असायचात. “मला दिली की. ह्या मास्तरच्या भनीनं केलं माझ्याशी लगीन. इचारा त्यास्नी, अजून रडत्यात.” लोक हसायचे. मग तुम्ही काठीनं मातीत एकेक रेघ ओढायचात. “ह्यो खलाशी. हितनं पाइंटमन. मग केबिनमन. परीक्षा दिली की गार्ड. आन् गार्ड म्हंजे काय, तर गाडीचा धनी. इंजन पुढं असू दे, मागनं हिरवी झेंडी हालल्याबिगर त्ये इंचभर सरकत न्हाय.”

त्या लिंबाखालून किती जण गेले याची मी कधी नोंद ठेवली नाही. तुमच्या अंत्यविधीला रेल्वेच्या खाकी कपड्यांतले सहा जण होते. मुरुमच्या शिंप्याचा मुलगा, जो आता फायरमन आहे, तो थेट ड्यूटीवरून आला होता. त्याच्या हाताला कोळसा होता. तो मला म्हणाला, “सर, कागद तुमी वाचला व्हता. पर मला उठवून दाजीनं पाठिवलं.” मी मान हलवली. 

दाजी, त्या सहा जणांना शिडीवर चढवून तुम्ही स्वतः पाइंटमनच्या रेघेवरच का राहिलात, ते मला चौदा वर्षांपासून माहीत आहे. निदान माहीत आहे असं मी समजत होतो. तेच लिहायला मी बसलो आहे आणि तेच टाळून स्टँडवर जातो आहे.

सरकार आल्यावर सगळ्यांची नवी सर्व्हिस बुकं झाली. जन्मतारखेला पुरावा मागितला. तुमच्याकडं बेंबळीच्या शाळेचा दाखला होता, उर्दूतला, निजामाच्या वेळचा. तुम्ही तो माझ्यापुढं ठेवलात. “मास्तर, तर्जुमा करा. विंग्रजीत. झोकदार.”

आमचे वडील, अण्णा, कचेरीबाहेर बसून अर्ज लिहायचे. त्यांच्यामुळं मला उर्दू येत होती, शाळाही उर्दूत झाली होती आणि इंग्रजी मी स्वतः वाचून कमावलं होतं. धाराशिवच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो, तात्पुरता. अशा दाखल्यांचे तर्जुमे करून द्यायला मला आवडायचं. हेडमास्तर त्यावर शिक्का मारून द्यायचे. लोक “सर” म्हणायचे. चोवीस वर्षांच्या माणसाला याची नशा चढते.

तुमच्या दाखल्यावर निजामी राज्यातलं फसली साल होतं, महिना खुर्दाद. आपल्याकडं सगळे तोंडी हिशेब करताना फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे आणि इसवी सन सांगायचे. मीही मिळवले. लिहिलं. शिक्का झाला. तुम्ही कागद उन्हात धरून पाहिलात आणि म्हणालात, “आता आमी सायेब झालो.”

फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आझूर, दै, बहमन, हे पहिले महिने जुन्या इसवी सालात पडतात. त्यांना पाचशे नव्वद बरोबर. त्यानंतर जानेवारी लागते, इसवी साल बदलतं, आणि पुढच्या सगळ्या महिन्यांना पाचशे एक्याण्णव मिळवावे लागतात. खुर्दाद म्हणजे एप्रिल. मी तुम्हाला कागदावर एका वर्षानं म्हातारं केलं होतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. कुणालाच नाही. तीन महिन्यांनी गार्डच्या परीक्षेची नोटीस आली. खात्यातल्या माणसांसाठी, वयाची अट घालून. तुम्ही अर्ज केलात. शिट्टी विकत घेतलीत, आठवतं? बार्शीच्या बाजारातून. अक्का भाकरी करत असताना पाठीमागून वाजवायचात आणि ती उलथनं घेऊन उठायची. अर्ज परत आला. वय चार महिन्यांनी जास्त.

मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही रुळाशेजारी उकिडवे बसून पॉइंटच्या सळईला तेल घालत होता. मी म्हणालो, “वाईट झालं.”

“आमची आयच चार महिनं घाईत व्हती,” तुम्ही म्हणालात. “तिला कोन सांगनार?”

मी हसलो. तुम्हीही हसलात. त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हा प्रश्न आता मला झोपू देत नाही.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी हेडमास्तरांनी मला शाळेचं जुनं हजेरीपत्रक दिलं आणि सगळ्या फसली तारखा इसवीत मांडायला सांगितल्या. दुपारी, वाचनालयाच्या खोलीत, मी महिन्यांचा तक्ता करायला बसलो. या वेळी नीट, एकेक महिना घेऊन. आझूर, दै, बहमन, इस्फंदार. इस्फंदारशी आलो तेव्हा पेन थांबलं. खुर्दाद अजून तीन ओळी खाली होता. त्या तीन ओळी लिहायला मला तास लागला.

पुढच्या रविवारी मी येडशीला आलो. सांगायलाच आलो होतो. सर्व्हिस बुकातल्या तारखेवर हरकत घ्यायला सहा महिन्यांची मुदत होती, ती संपायला अजून महिनाभर होता. वर्ष दुरुस्त झालं असतं तर परीक्षेच्या वयाची अट ओलांडायला तुम्हाला आठ महिने बाकी होते. पण दुरुस्तीसाठी मूळ तर्जुमा करणाऱ्याचं लेखी लागणार होतं की पहिला कागद चुकीचा आहे. म्हणजे माझं. हेडमास्तरांच्या शिक्क्यासकट. मी तात्पुरता होतो. उर्दूत शिकलेल्या मास्तरांना ठेवायचं की काढायचं, याची तेव्हा रोज नवी बातमी यायची. आणि मी तसे तर्जुमे गावोगावच्या कितीतरी लोकांना करून दिले होते. एक चुकला म्हटल्यावर सगळे उघडले गेले असते.

हे सगळं मनात घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही छोट्या सुमनला खांद्यावर घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, “या मास्तर! कायमचा कागद आला का?”

“नाही अजून,” मी म्हणालो.

“यील, यील. सरकारची गाडी लेट आसती, पर येती.”

मी जेवलो, संध्याकाळच्या बसनं परत आलो. सांगितलं नाही.

पुढं दर भेटीत तुम्ही तेच विचारायचात. दारातून, रुळावरून, एकदा तर बाजारात पन्नास माणसांच्या डोक्यांवरून ओरडून: “मास्तर, कायम झालाव का?” मला वाटायचं, तुम्ही माझ्या तात्पुरतेपणाची टर उडवता. स्वतःची परीक्षा गेली म्हणून माझ्यावर उट्टं काढता. एकदा मी चिडून म्हणालो, “झालो की तार करतो. रोज विचारू नका.” तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमच्यासारखा माणूस काहीच बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे मला कळायला हवं होतं. मी पुस्तकं वाचणारा माणूस.

सर्व्हिस बुक झाल्याच्या आठव्या महिन्यात माझा कायमचा कागद आला. मी पेढे घेऊन आलो. तुम्ही पेढा हातात धरून बराच वेळ उभे होता. मग म्हणालात, “बेस झालं.” पेढा खाल्लात आणि विचारलंत, “कोन्ता महिना चालू हाय, मास्तर?” मी सांगितला. “व्हय,” तुम्ही म्हणालात, आणि आत जाऊन कोनाड्यातली शिट्टी काढून सुमनच्या हातात दिलीत. तिनं ती दोन दिवसांत हरवली.

मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. ते फक्त मलाच माहीत आहे, असं समजून मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. मला हायसं वाटत होतं, दाजी. हे लिहिलंच पाहिजे. वाईटही वाटत होतं, पण आधी हायसं वाटलं.

त्यानंतरची वर्षं आपण चांगली काढली. सुट्टीत मी यायचो, मालधक्क्यावर बसायचो, तुम्ही गाड्यांमधल्या वेळात येऊन भांडायचात. शाळा मोठी की रेल्वे मोठी, यावर आपण इतकं भांडलो की अक्का म्हणायची, दोघांना एका डब्यात घालून कुर्डुवाडीला पाठवा. तुम्ही म्हणायचात, शाळा माणसाला एका जागी बसवते. मी म्हणायचो, रेल्वे माणसाला दुसऱ्याच्या गाडीसाठी बाजूला उभं करते. हे मी मुद्दाम म्हणायचो. तुम्ही पाइंटमन होता, तुमचं कामच ते होतं. आणि ज्याच्यामुळं तुम्ही तिथं उभे होता तो मी होतो. अपराध्याची जीभ अशी चालते, हे मला आता दिसतं.

शेवटचं भांडण मात्र त्यातलं नव्हतं. ते तुमच्या जाण्याआधी दोन महिने झालं.

सुमन मॅट्रिक झाली होती. बुकिंग क्लार्कच्या भरतीचा कागद लागला होता. तुमच्या घरात, भर सकाळी, चहा पिता पिता मी तो वाचला. शिक्षण, वय, टायपिंग असल्यास बरं, परीक्षा सोलापूरला.

“खालचं बारीक?” तुम्ही विचारलंत.

“काही नाही. नेहमीचंच,” मी म्हणालो.

सुमननं कागद माझ्या हातातून घेतला. तिचं इंग्रजी मीच करून घेतलं आहे. तिनं वाचलं, “स्त्रियाही अर्ज करू शकतात.” आणि माझ्याकडं पाहिलं. “मामा, तुमी ही वळ गाळली.”

मी गाळली होती. तिनं डी.एड. करावं, माझ्याच शाळेत यावं, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. मी म्हणालो, “पोरीच्या जातीनं खिडकीत बसून दिवसभर लोकांचे हात बघायचे? शाळा आहे ना. मान आहे.”

तुम्ही कप खाली ठेवलात. “तुमी वळ गाळलीत, मास्तर?”

“तिच्या भल्यासाठी.”

“भल्यासाठी,” तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज वर गेला नव्हता. “माझ्या येळला म्या गप बसलो. तिच्या येळला बसनार न्हाय.”

मला ते वाक्य लागलं नाही. मला वाटलं, परीक्षेची जुनी जखम बोलते आहे. मी म्हणालो, आणि आता हे शब्द मला परत घेता येणार नाहीत, “तुमच्यासारखं आयुष्य हवंय का तिला? चौदा वर्षं एकाच दांड्याला धरून?”

अक्का चुलीपाशी होती. तिनंही वळून पाहिलं. तुम्ही उठलात, टोपी घातलीत. साडेदहाची गाडी येणार होती. दारात थांबून तुम्ही म्हणालात, “पुढल्या रविवारी या. बोलू.” पुढच्या रविवारी माझ्याकडं परीक्षेचे पेपर होते. त्याच्या पुढच्या रविवारी मीच टाळलं. सुमननं अर्ज स्वतः भरला आणि स्वतः पोस्टात टाकला. आपलं बोलणं राहिलं.

दहाव्याला इमामभाई आले होते. तुमच्या बरोबर बेंबळीच्या शाळेत होते आणि तुमची जी परीक्षा हुकली ती देऊन गार्ड झाले, ते इमामभाई. विधी आटोपल्यावर ते मला बाजूला घेऊन गेले. बराच वेळ पायानं खडी सारत राहिले.

“मास्तरसाब, एक बात सांगू? आता बोलायला हरकत न्हाय.”

“सांगा.”

“मी आन् तुमचा दाजी रंगनाथ एकाच महिन्यातले. मी त्याच्याहून दहा दिवस मोठा. शाळेत त्यो मला बडे मियाँ म्हणून चिडवायचा. मग वयाची यादी लागली स्टेशनात. बघतो तर ह्यो माझ्यापेक्षा वरसानं मोठा! मी लई हसलो. म्हटलं, अरे रंग्या, तू कधी पुढं गेलास? मग अर्ज परत आला तेव्हा हसू गेलं. मी म्हटलं, चल, आजच्या आज धाराशिवला जाऊ, मास्तरसाबकडनं लिहून घिऊ. फसलीत गफलत झाली, दुसरं काय?”

“मग?” मी विचारलं. 

“नको म्हणाला. म्हणाला, मास्तरची नोकरी कच्ची हाय. त्याच्या कागदावर बोट ठिवलं तर त्येला काढत्याल. त्यो दुसरं काय काम करनार? खोरं उचलायचा न्हाय त्याच्यानं. कायम झाला की मग बघू.” इमामभाईंनी डोळे पुसले. “मला शपथ घातली. हौ, आईची. मी गार्ड झालो, पहिल्या दिवशी येडशीतनं गाडी काढली, तर खाली पाइंटला ह्योच उभा. मला सलाम ठोकला भाड्यानं. हसत.”

दाजी, म्हणून तुम्ही विचारत होता. दारातून, रुळावरून, बाजारातून. तुम्ही माझ्या कागदाची वाट पाहत होता, मुदत मोजत होता, आणि मी तार करतो म्हणालो.

तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलो आहे. खोटं कशाला लिहू? तुम्ही मला सांगायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती. मी भित्रा होतो हे खरं, पण तुम्ही येऊन समोर उभे राहिला असता तर मी लिहून दिलं असतं. दिलं असतं का? रोज हे स्वतःला विचारतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. काल स्टँडवर जाताना ‘हो’ आलं, येताना ‘नाही’. तुम्हाला बहुधा उत्तर माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. माझी परीक्षाच घेतली नाहीत तुम्ही. त्या उपकाराखाली मला श्वास घेता येत नाही, आणि तो उपकार होता हेही नाकारता येत नाही. माझी खोली, माझी पुस्तकं, मुलं ‘सर’ म्हणतात ते, सगळं तुमच्या त्या एका वर्षावर उभं आहे.

पंधराव्या दिवशी मी अक्काला सांगितलं. ती सुपात ज्वारी घेऊन बसली होती. मी सुरुवातीपासून सांगितलं: खुर्दाद, पाचशे नव्वद, मुदत, पेढे, इमामभाई. ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, ऐकत नाही. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

“तुला कधीपासनं म्हाईत व्हतं?”

“तेव्हापासूनच. अर्ज परत आला त्याच महिन्यापासून.”

“आन् ह्यांना?”

“त्यांना माझ्याही आधी.”

 मी म्हणालो, “अक्का, त्यांनी माझ्यासाठी—”

“गप,” ती म्हणाली. “तू त्यांस्नी चुकवलंस. त्यांनी तुला जपलं. लई चांगलं केलं दोघांनी. आन् मी? मी चौदा वर्सं त्यांस्नी काय बोलत आले, म्हाईत हाय तुला? इमामभाईची बायको नव्या क्वार्टरमदी गेली, तवा मी म्हणाले, तुमच्यात दमच न्हाय. पोरीसमोर म्हणाले. दर दसऱ्याला म्हणाले, वयाचा बहाणा नको, परीक्षा द्या, परीक्षा द्या, भेताव कशाला? आन् ते ऐकून घ्यायचे. भाकरी मोडायचे आन् ऐकून घ्यायचे.” तिचा आवाज फुटला नाही. तो कोरडाच राहिला. “एका शब्दानं कुणी सांगितलं असतं तर मी त्यांस्नी कशाला बोलले असते रे? आता कुणाला सांगू मी, की मला म्हाईत नव्हतं?”

तुम्ही अक्काचा विचार केला होता का, दाजी? मी केला नव्हता. आपण दोघं एकमेकांपासून एक गोष्ट लपवत होतो, तुम्ही मायेनं आणि मी भीतीनं. आणि त्यापायी तिच्या तोंडून रोज जे जात होतं ते तुम्ही एकटे गिळत होता. तुम्हाला ते चालत होतं असेल. तिला ते चाललं असतं का, हे आपल्यापैकी कुणी तिला विचारलं नाही. याबद्दल मला तुमच्याशी भांडायचं होतं. हे भांडण मी जिंकलोही असतो, आणि तुम्ही टोपी घालून साडेदहाच्या गाडीला निघून गेला असता.

सुमन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती माझ्याशी एवढंच बोलली, “मामा, बाबांना गार्डचा डगला चांगला दिसला असता.” मग ती अभ्यासाला बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो नाही. पूर्वी बसलो असतो.

तुमचं क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायचं आहे. बेंबळीहून तुमचे भाऊ बैलगाडी घेऊन येणार आहेत. सुमनला परीक्षेचं बोलावणं तुमच्या नवव्या दिवशी आलं. परीक्षा सोमवारी आहे, सोलापूरला. अक्का तिच्याबरोबर जाणार आहे. मी येऊ नये, असं अक्कानं मला सांगितलं आहे.